सीताफळाच्या बागेतला ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट म्हटलं की आपण एसीचा रिमोट शोधतो. मी मात्र या दिवसांत ऑफिसला चार दिवस दांडी मारते आणि रात्रीच्या बसने बीड गाठते. ‘बीडला? तिथे दुष्काळाशिवाय बघायला काय आहे?’ हा प्रश्न कॅन्टीनमध्ये हमखास येतो. एकदा ऑक्टोबरात चला, मग बोलू!

पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटच्या उतारावर मामांची सीताफळाची बाग आहे. बाग म्हणजे लॉन-बिन नाही हं. मुरमाड जमीन, कमरेएवढं गवत आणि मधूनमधून झाडं. कडवट पानांना शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून सीताफळ अशा माळावर टिकतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय.

फळांचे डोळे उघडले, की सकाळी आमच्याआधी खारी आणि बुलबुल हजर. झाडावरच फुटलेलं फळ त्यांचं, ही जुनी वाटणी. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर वर बघा. फळावर कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण असणार. तो गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो पितात आणि ढेकणाला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. चक्क सिक्युरिटी एजन्सी! मी फवारणीचा विषय काढला, तर मामी म्हणाली, “कशाला गं? खोडाला चिकटपट्टी बांध. मुंगी वर गेली नाही की ढालकिडा करतो त्याचं काम.”

इथल्याच नायगावला १९९४ पासून खास मोरांसाठी अभयारण्य आहे. पण पिसाऱ्याच्या फोटोसाठी आत्ता कॅमेरा घेऊन याल, तर फसाल. पावसाळा सरता सरता मोराची लांब पिसं गळतात. बांधावरून चालणारा लांडा मोर पाहून मला तरी हसूच येतं.

मला सगळ्यात आवडते ती संध्याकाळ. गवतावर पिवळसर चतुरांची नुसती गर्दी! याच जातीचे थवे ऑक्टोबरात मालदीवमध्ये उतरतात. ते भारतातून निघून समुद्रावरून थेट पूर्व आफ्रिकेला जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. दोन इंचांचा किडा, बॉस! आणि आपण ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो तर केवढी चिडचिड करतो.

तिकडे ज्वारीवर डोळा ठेवून मध्य आशियातून भोरड्यांचे थवे येतात, आणि नेमकी तेव्हाच इथली माणसं निघतात. दसरा झाला की भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं ट्रॅक्टरवर लादून ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परत येईपर्यंत उन्हाळा लागतो.

मामीच्या शेजारच्या घराला यंदाही कुलूप होतं. अंगणातल्या झाडावर सीताफळं फुटून लोंबत होती. मी एक काढायला हात वर केला.

“काय करायलीस? राहू दे,” मामी म्हणाली. “पोरं असती तर एक तरी फळ राह्यलं असतं का झाडाला? खाऊ दे आता खारीला.”