एका डिस्कमध्ये दोन माल : संगणकात नेमके काय उतरते?

कॅसेट आणि सीडी विकण्याचा धंदा केव्हाच ओसरला. पण घरातील जुन्या डिस्कमधील कव्वाली, नात, गझल संगणकात घेऊन पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचे काम आपल्या मोहल्ल्यांतील मोबाइल आणि फोटोच्या दुकानांत आजही येते. काम सोपे दिसते, म्हणून माल न पाहताच हातात घेतले जाते. आमच्या ओळखीच्या एका तरुण दुकानदाराने असाच एका गिऱ्हाइकाच्या मरहूम वालिदांचा, परदेशातून आणलेल्या डिस्कचा गठ्ठा घेतला. त्यातील एक जाडसर डिस्क ड्राइव्हच्या फटीत अडकली आणि ओढून काढताना तिला चीर गेली. त्याने पैसे भरून दिले, पण वालिदांची निशाणी कोठून भरून देणार? म्हणून हा विषय व्यापारी बांधवांपुढे मांडत आहोत.

काही डिस्क दिसायला एक, पण आत दोन माल असतात. त्यांना हायब्रिड म्हणजे संमिश्र डिस्क म्हणतात. कापडाच्या धंद्यात आम्ही दुपदरी कापड घेताना आतला पदर उलटून पाहतो. इथेही तेच करावे लागते.

पहिला प्रकार सुपर ऑडिओ सीडीचा. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ती १९९९ मध्ये बाजारात आणली. हायब्रिड डिस्कची जाडी साध्या सीडीइतकीच, म्हणजे १.२ मिलिमीटर असते. साध्या सीडीचा थर लेबलाजवळ आणि उंची दर्जाचा थर मधोमध, ०.६ मिलिमीटर खोलीवर असतो. मधला थर असा बनवलेला असतो की सीडी वाचणारा ७८० नॅनोमीटरचा किरण त्यातून पार जातो, तर ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण त्यावरून परत फिरतो. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तांबडा किरण असतो, तरीही हा उंची थर उतरत नाही. कारण त्यावरील आवाज कुलूपबंद असतो आणि किल्ली या ड्राइव्हना दिलेली नाही. उतरतो तो फक्त सीडीचा थर : दोन चॅनेल, सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट. डिस्कवर ‘हायब्रिड’ हा शब्द किंवा सीडीची खूण नसेल, तर ती एकेरी सुपर ऑडिओ डिस्क असू शकते. तशी असल्यास तिच्यातून काहीच उतरणार नाही.

दुसरा प्रकार ड्युअलडिस्क. ही अमेरिकेत २००४-०५ च्या सुमारास निघाली. एका बाजूस डीव्हीडी, दुसऱ्या बाजूस गाणी. दोन तबकड्या चिकटवल्यामुळे जाडी सुमारे १.५ मिलिमीटर होते, आणि गाण्यांचा थर १.२ ऐवजी ०.९ मिलिमीटर खोलीवर येतो. हे सीडीच्या ठरलेल्या मापात बसत नाही, म्हणून तिच्यावर सीडीची खूण नसते. काही ड्राइव्ह ती वाचतात, काही वाचत नाहीत. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती कधीही घालू नये. बाहेर सरकणारा ट्रे असलेला ड्राइव्हच वापरावा.

तिसरा प्रकार एन्हान्स्ड सीडीचा, म्हणजे पुढे गाणी आणि मागे संगणकाचा मजकूर. संगणक कधी मागचाच भाग उघडतो आणि त्या काळच्या विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम चालवू पाहतो. जुने १६ बिटचे प्रोग्राम आजच्या ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला वाटते की डिस्क खराब झाली. अशा वेळी तो प्रोग्राम सोडून द्यावा आणि सीडी उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फक्त गाणी निवडावीत.

या प्रकारात एक धोकाही आहे. २००५ मध्ये सोनी बीएमजी कंपनीच्या काही डिस्क नक्कल रोखण्यासाठी विंडोजमध्ये लपून बसणारा प्रोग्राम टाकत असल्याचे उघड झाले आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या. म्हणून ऑटोप्ले बंद ठेवावे आणि डिस्कमधून आपोआप येणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला ‘होय’ म्हणू नये.

आता कामाची रीत. काम घेण्यापूर्वी प्रत्येक डिस्कच्या दोन्ही बाजू, खुणा आणि जाडी पाहावी. साधी डिस्क एका वाटणीत, संमिश्र दुसऱ्या वाटणीत ठेवावी आणि पावतीवर तसे लिहावे. गाणी आधी वेव्ह किंवा फ्लॅक या स्वरूपात उतरवावीत. वेव्हला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते, फ्लॅकला त्याहून बरीच कमी, आणि दोन्हींत आवाजाचा दर्जा घटत नाही. गिऱ्हाइकाला एमपी३ हवे असल्यास त्यावरून करून द्यावे. त्याच्या डिस्कची प्रत दुकानात ठेवून विकणे मात्र कायद्याने गुन्हा आहे आणि अमानतीत खयानतही आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काय उतरेल आणि काय उतरणार नाही, हे पैसे घेण्यापूर्वी सांगावे. मालातील ऐब विक्रीआधी दाखवणे ही आपल्या तिजारतीची जुनी शिकवण आहे. ती कापडाच्या ठाणाला लागू आहे, तशीच डिस्कलाही आहे. ‘हे आमच्याकडून होणार नाही’ असे सांगितल्याने एखादे काम जाईल, पण त्याच गिऱ्हाइकाचा भरवसा दुकानात राहील. बरकत तिथेच आहे.