दोन पंचांगे, एक चंद्र

मकरसंक्रांतीला आपण तिळगूळ देतो तो १४ किंवा १५ जानेवारीला. पण महाराष्ट्रात काही घरी टिळक पंचांग मानतात. त्यांची संक्रांत सुमारे चार दिवस आधीच होऊन गेलेली असते. मग सूर्य काय दोन आहेत? की एका ज्योतिष्याचे गणित चुकले? मंडळी, दोन्ही नाही. गणित दोघांचेही बरोबर आहे. फरक आहे तो मोजणीच्या आरंभाचा.

सांगली-मिरज रस्ता घ्या. एकाने सांगलीच्या गणपती मंदिरापासून मोजायला सुरुवात केली, दुसऱ्याने चार फर्लांग पुढे जाऊन. आता वाटेवरच्या एका वडाचे अंतर विचारा. दोघे वेगळे आकडे सांगतील. पण दोन वडांमधले अंतर विचारा. दोघेही एकच सांगतील.

आकाशातही तसेच आहे. राशिचक्र ३६० अंशांचे वर्तुळ. वर्तुळाला पहिला दगड कुठला? तो आपणच ठरवायचा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात रेवतीच्या ताऱ्यापासून आरंभ धरला. टिळक पंचांग त्याच वाटेने जाते. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर येईल असा आरंभ मांडला. दोन आरंभांत अंतर सुमारे ४ अंशांचे. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो, म्हणून संक्रांतीत चार दिवसांचा फरक. मृग नक्षत्रही एका पंचांगात तितकेच आधी लागते. पाऊस अर्थातच दोघांच्याही शेतात एकाच वेळी येतो.

आता तिथी पाहू. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी पुरी झाली. म्हणजे तिथी हे दोन वडांमधले अंतर आहे. आरंभ कुठलाही धरा, तिथी तीच. आज एकादशी असेल तर ती दोन्हीकडे एकादशीच.

तंटा होतो तो महिन्याच्या नावावरून. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक मास. संक्रांत चार दिवस सरकली की कधी कधी ती अमावास्येच्या अलीकडची पलीकडे जाते आणि अधिक मास दुसऱ्याच ठिकाणी पडतो. मग एकाच गावात एका घरचा गणपती बसतो आणि दुसऱ्या घरचा महिन्याने बसतो. तिथी दोघांची चतुर्थीच. भाद्रपद मात्र वेगळा!

या वादावर विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मुंबई, पुणे आणि आपल्या सांगलीतही ज्योतिषांची संमेलने भरली. लोकमान्य टिळकांनी त्यात लक्ष घातले. पुढे १९५२ साली भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. १९५५ च्या अहवालात समितीने चित्रा पक्षाला धरून, २१ मार्च १९५६ या दिवसासाठी आरंभाचे अंतर २३ अंश १५ कला ठरवले. सरकारी कामासाठी ऋतूंना धरून चालणारी राष्ट्रीय दिनदर्शिका वेगळी केली. ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, सुरू झाली.

गुरुजनांनी वर्गात सांगावे असे यातले मर्म एवढेच. दोन शास्त्रे जुळवायची तर आधी प्रत्येकाने काय गृहीत धरले ते लिहून काढावे. मग कोणती विधाने त्या गृहीतावर टेकली आहेत आणि कोणती नाहीत हे निवडावे. न टेकलेली जशीच्या तशी पलीकडे नेता येतात. टेकलेली नेताना मध्ये पूल बांधावा लागतो, इथे ४ अंशांचा. आज गणिताची प्रमेये संगणकावर तपासून साठवतात. तिथेही निरनिराळ्या तर्कपद्धतींवर उभे राहिलेले संग्रह आहेत आणि त्यांना जोडणाऱ्यांपुढे हेच काम असते. नाव एकच दिसले म्हणून अर्थ एकच समजू नये, आणि उत्तर निराळे आले म्हणून कोणाला खोटे म्हणू नये. आधी विचारावे, "तुम्ही मोजायला कुठून लागलात?"