नाइट ड्युटी लागलीय? मग हे वाचाच

वॉर्डात नुकतीच रुजू झालेली सिस्टर परवा विचारत होती, "ताई, नाइटनंतर दिवसा झोपच लागत नाही. काय करू?" सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितेय.

आपल्या मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं आणि झोप येते, उजेडात ते कमी होतं. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.

म्हणून सकाळी घरी जाताना गॉगल लावा. खोलीला जाड, गडद पडदे हवेतच. आपल्या झोपेची वेळ घरच्यांना आणि कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा.

चहा-कॉफी मध्यरात्रीपर्यंतच घ्या. निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण ५ तास लागतात.

पोटभर जेवण ड्युटीआधी करा. रात्री फळं, फुटाणे, ताक असं हलकंच खा.

पहाटे ३ ते ५ ही सर्वांत अवघड वेळ. तेव्हा शरीराचं तापमान उतरलेलं असतं, लक्ष कमी होतं. औषधाचं नाव आणि डोस दोनदा वाचा, शक्य असेल तर सोबतच्या सिस्टरलाही दाखवा. ब्रेक मिळाला तर २० मिनिटांची डुलकी घ्या, मी नेहमी घेते. खूप फरक पडतो.

आणि डोळे मिटत असतील तर स्कूटी चालवू नका. रिक्षाने जा.

तुमचे प्रश्न कमेंटमध्ये विचारा, जमेल तशी उत्तरं देईन. नाइट करणाऱ्या मैत्रिणींना आणि ब्रदर्सनाही ही पोस्ट जरूर पाठवा.