घरच्या ध्वनिमुद्रणासाठी संगणक : खात्रीच्या भागांची निवड

ध्वनिमुद्रण म्हटले की मुंबई-पुण्यातील काचेच्या खोल्या, मोठमोठी यंत्रे आणि तासावर मोजले जाणारे भाडे डोळ्यांसमोर उभे राहते. नांदेड-लातूरच्या सामान्य विद्यार्थ्याला तो खर्च झेपणारा नव्हता. आज मात्र एक संगणक, एक मायक्रोफोन आणि त्या दोघांना जोडणारी ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी पेटी एवढ्या सामग्रीवर घरातल्या घरात चांगले ध्वनिमुद्रण होऊ शकते. मी स्वतः घरी असे काम करीत असल्यामुळे मित्र मला नेहमी विचारतात, "प्रोसेसर कोणता घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. आपल्या भागात आधी पाहावयाचे ते हे, की गाणे चालू असताना यंत्र मध्येच थांबणार नाही ना, आणि एकदा मुद्रित झालेला आवाज नाहीसा होणार नाही ना.

एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी म्हणेल. माहूरच्या रेणुकेपुढचा गोंधळ, माळेगावच्या यात्रेतील वाघ्या-मुरळी, जात्यावरच्या ओव्या हे आपले धन आहे आणि ते गाणारे कंठ वयोवृद्ध आहेत. गी पॉयतवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील शंभराहून अधिक तासांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. 1996 साली बीड जिल्ह्यातील माजलगाव, परभणी जिल्ह्यातील ताडकळस अशा आपल्या शेजारच्या गावी हे काम झाले. 2017 पासून तो ठेवा लोकांसाठी खुला होऊ लागला. म्हणजे मध्ये वीस वर्षे लोटली, आणि त्या काळात गाणाऱ्यांपैकी काही जणी निवर्तल्या. मुद्रण नीट झाले व नीट जपले गेले, म्हणूनच त्यांचा आवाज आज ऐकता येतो. आपल्या घरच्या आजीच्या ओव्यांनाही हाच न्याय लागू आहे.

आता संगणक आवाज कसा टिपतो ते थोडक्यात पाहू. मायक्रोफोनमधून येणाऱ्या आवाजाचे माप तो एका सेकंदात हजारो वेळा घेतो. सीडीसाठी ही संख्या 44,100 आहे. हल्ली 48,000 मापे घेण्याचा प्रघातही रूढ आहे. ही मापे लहान लहान गठ्ठ्यांनी पुढे पाठवली जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. 256 मापांचा गठ्ठा भरण्यास सुमारे 5.3 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात संगणकाने आधीचा गठ्ठा हातावेगळा केलाच पाहिजे, नाहीतर 'टक्' असा आवाज येतो किंवा सूर तुटतो. गठ्ठा मोठा केला तर यंत्राला सवड मिळते, पण संगणकातून फिरून येणारा स्वतःचा आवाज गायकाच्या कानी उशिरा पडतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की येथे वेगापेक्षा नियमितपणा अधिक मोलाचा. गेल्या काही वर्षांतला कोणताही मध्यम प्रतीचा प्रोसेसर भजनी मंडळाचे आठ मायक्रोफोन सहज सांभाळतो. दुसरी, जागाही फार लागत नाही. 24 बिटांच्या एका मायक्रोफोनचे मुद्रण मिनिटाला सुमारे 8.6 मेगाबाइट जागा घेते. आठ मायक्रोफोनांचे एका तासाचे मुद्रण जेमतेम चार गिगाबाइट भरते. तेव्हा प्रोसेसरवर उधळायचे पैसे वाचवून ते इतरत्र घालावेत.

पहिला मान एसएमपीएसला, म्हणजे विजेच्या डब्याला. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावर विसंबू नये. '80 प्लस' ही खूण वीज किती वाया जाते एवढेच सांगते. टिकाऊपणाची ती हमी नव्हे. म्हणून हमीची वर्षे पाहावीत आणि गरजेपेक्षा थोडी जास्त वॅटची क्षमता घ्यावी. आतील कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी उतरले तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा हिशोब आहे. जुना मदरबोर्ड घेणाऱ्याने कपॅसिटरची टोपणे फुगलेली नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

त्यानंतर यूपीएस. लाइट जाणे आणि व्होल्टेज वरखाली होणे आपल्या अंगवळणी पडले आहे, संगणकाच्या नाही. स्वस्त यूपीएस लाइट गेल्यावर ओबडधोबड लहरीची वीज देतो आणि काही नवे एसएमपीएस ती न मानवून बंद पडतात. शुद्ध साइन लहर देणारा घेतला तर ही भीती उरत नाही. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू.

अर्थिंगची गोष्ट वेगळीच आहे. मुद्रणात सतत 'हूं' असा घुमणारा आवाज येतो, तो बहुधा 50 हर्ट्झच्या विजेचा असतो. अशा वेळी मायक्रोफोन बदलण्यापूर्वी घरचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम देत नाही. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील उन्हाळ्यातल्या जमिनीबद्दल अधिक काय सांगावे? अर्थिंगच्या खड्ड्याला अधूनमधून पाणी घालणे हा जुना आणि फुकटचा उपाय आहे. आवाज नको म्हणून तीन पिनांतील अर्थिंगची पिन काढून टाकणे मात्र जिवावर बेतू शकते.

ऊन व धूळ हे पुढचे शत्रू. वैशाखात छताचा पंखा बंद करून मुद्रण करणे म्हणजे गायकाची आणि यंत्राची परीक्षाच. लहान पंखे जोरात फिरतात व घुरघुरतात. 120 मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो. हवा आत येते तेथे धूळ अडवणारी जाळी असावी आणि ती महिन्याला झटकावी. यूएसबी 2.0 ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. मी संगणक शेजारच्या खोलीत ठेवतो आणि इंटरफेस गायकाजवळ. गाणे शक्यतो पहाटे घेतो. ओव्यांची वेळही तीच, हा वेगळा लाभ.

रॅम दोन सारख्या पट्ट्यांची घ्यावी आणि मेमटेस्टसारख्या प्रोग्रॅमने रात्रभर तपासावी. दोष असलाच तर दुकानदार बदलून देतो तेवढ्यात उघडकीस यावा. मुद्रणासाठी एसएसडी उत्तम, कारण तिच्यात फिरणारे काही नसल्याने आवाज नाही. परंतु ती एकमेव प्रत म्हणून कपाटात वर्षानुवर्षे पडून राहू देऊ नये. विजेवाचून तिच्यातील नोंद पुसट होत जाते आणि उष्णतेने अधिकच. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आणि गोदावरीचे पूर पाहिलेल्या माणसांना 'दुसऱ्या गावी' याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. नांदेडकराने एक प्रत लातूरच्या नातलगाकडे ठेवावी, लातूरकराने नांदेडला.

इंटरफेस निवडताना त्याचा ड्रायव्हर आपल्या संगणकप्रणालीसाठी अजून सुधारला जातो का, ते आधी पाहावे. चांगली पेटी जुन्या ड्रायव्हरपायी निरुपयोगी होते. कंडेन्सर मायक्रोफोन वापरायचा तर 48 व्होल्टची सोय तिच्यात असलीच पाहिजे.

राहता राहिली खरेदी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर येथे भाग थोडे स्वस्त मिळतात हे खरे. पण बिघडलेला डबा परत द्यायला पुन्हा गाडीभाडे खर्चावे लागते. म्हणून एसएमपीएस, यूपीएस आणि रॅम या तीन वस्तू मी गावातल्याच दुकानातून, पक्क्या बिलावर, घेण्याचा सल्ला देईन. बाकीच्या बाहेरून आणल्या तरी चालतील.

सर्व सामग्री एकदम घेणे आपल्यापैकी पुष्कळांना जमणार नाही. तेव्हा घरात असलेल्या जुन्या संगणकाला प्रथम चांगला विजेचा डबा, यूपीएस आणि प्रत ठेवण्यासाठी दुसरी डिस्क द्यावी, व कामाला लागावे. प्रोसेसर पुढच्या वर्षी अधिक चांगला आणि अधिक स्वस्त मिळेल. आजी पुढच्या वर्षी गाईलच, असे कोणी सांगावे?