आज्ञावलीचा श्रीगणेशा

‘सर, प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, कोणता क्लास लावू?’ हा प्रश्न आमचे विद्यार्थी वारंवार विचारतात. कचेरीतले कारकून आणि शाळांतील शिक्षकही तो विचारतात, पण दबक्या आवाजात. प्रश्न रास्त आहे. मात्र आधी क्लास, मग भाषा आणि शेवटी काम, हा त्यातला क्रम उलटा करावयास हवा. आरंभ स्वतःच्या एखाद्या हिशेबापासून व्हावा, आणि तोही कागदावर.

आज्ञावली म्हणजे एखादे काम कोणत्या क्रमाने करावयाचे, याच्या नेमक्या सूचना. दहा हजार रुपये दरसाल ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, तर ते दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील? सूत्र बाजूला ठेवून कृती लिहू या. रक्कम १०,००० आणि वर्षे शून्य धरा. रक्कम २०,००० पेक्षा कमी आहे तोवर तिला १.०७ ने गुणा व वर्षांत एक मिळवा. शेवटी वर्षांचा आकडा सांगा. दहाव्या वर्षअखेर रक्कम सुमारे १९,६७२ रुपये होते, अकराव्या वर्षअखेर २१,०४९. म्हणून उत्तर ११. बदलती राशी, अट आणि पुनरावृत्ती या तिन्ही मूलभूत कल्पना एवढ्यातच आल्या. गुणाकाराची ओळ राहून गेली, तर संगणक नुसती वर्षेच मोजत बसेल! अशी चूक करणे आणि ती आपली आपण शोधणे, यातच निम्मे शिक्षण आहे.

यानंतर भाषेकडे वळावे. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘पायथन’ ही भाषा विनामूल्य मिळते. वरील कृती तीत पाच-सहा ओळींत बसते. इंग्रजीचा बाऊ करण्याचेही कारण नाही. या भाषेचे राखीव शब्द जेमतेम ३५ आहेत. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही भाषा घडविली, तीही विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा म्हणूनच. ही विद्या केवळ अभियंत्यांची मिरास कधीच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात आज्ञावली लिहून देते. मग हा खटाटोप कशाला? आमच्या मते तो आता अधिकच आवश्यक झाला आहे. वेतनाची थकबाकी, कर्जाचे हप्ते, परीक्षेचे गुण हे सारे आज आज्ञावल्या ठरवितात. यंत्राने दिलेला आकडा कसा आला, हे ज्याला विचारता येत नाही, त्याला तो निमूटपणे मान्य करावा लागतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास ही परावलंबिता क्षुल्लक वाटत नाही.

तेव्हा क्लासची फी भरण्यापूर्वी एक वही घ्यावी. आपल्या रोजच्या कामातला एक कंटाळवाणा हिशेब निवडावा आणि त्याच्या पायऱ्या मराठीत लिहाव्यात. रोज अर्धा तास पुरे. महिन्याभरात तो हिशेब संगणकाकडून करवून घेता आला, तर पुढील वाट कोणती, हे विचारण्यासाठी आमच्याकडे येण्याची गरज बहुधा उरणार नाही.