कन्व्हेअर पट्ट्याचा मार्ग व ताण

कोळसा, खनिजे, धान्य इ. माल सलग वाहून नेणाऱ्या कन्व्हेअरचा पट्टा मध्यरेषेवरून एका बाजूस सरकणे आणि चालक कप्पीवर तो घसरणे हे त्यातील नेहमीचे दोन दोष होत. पहिला मार्गाचा व दुसरा ताणाचा असला, तरी पुष्कळदा दोहोंवर पट्टा अधिक ताणणे हाच उपाय केला जातो. तो बहुधा चुकीचा असतो.

रूळ पट्ट्याच्या दिशेशी काटकोनात नसल्यास त्याच्या ज्या टोकाला पट्टा आधी टेकतो, त्या टोकाकडे तो सरकतो. पट्ट्याचा प्रत्येक भाग एकाच ठिकाणी सरकत असेल, तर दोष तेथील किंवा थोड्या अलीकडच्या सांगाड्यात असतो, उदा., तिरका वा अडकलेला रूळ, परतीच्या रुळांवर चिकटलेला माल. याउलट पट्ट्याचा एकच भाग सर्वत्र सरकत असेल, तर दोष पट्ट्यातच, बहुधा काटकोनात न कापलेल्या सांध्यात असतो. रिकामा पट्टा सरळ व भरलेला तिरका चालत असल्यास माल मध्यभागी पडत नाही, असे समजावे. दोष दिसतो त्याच्या अलीकडील काही रूळ किंचित वळवून पट्ट्याच्या अनेक फेऱ्या पाहाव्या लागतात. येथे उतावळेपणा नडतो.

चालक कप्पी पट्ट्याला घर्षणाने ओढते. ऑयलर यांच्या सूत्रानुसार घट्ट व सैल बाजूंच्या ताणांचे कमाल गुणोत्तर घर्षण गुणक आणि वेढ्याचा कोन यांवर ठरते. घर्षण गुणक ०·३ असता १८०° वेढ्याला ते सु. २·६, तर २१०° वेढ्याला सु. ३ येते. म्हणून घसरणारा पट्टा ताणण्यापूर्वी कप्पीवरील ओल व झिजलेले रबरी आवरण पाहावे आणि सहायक कप्पीने वेढा वाढविता येतो का, याचा विचार करावा. जादा ताणाने सांधे उसवतात व बेअरिंगे लवकर झिजतात. लांब कन्व्हेअरवर लोंबत्या वजनाने ताण आपोआप कायम राहतो. आखूड कन्व्हेअरवरील दोन्ही बाजूंचे स्क्रू मात्र सारखे फिरविले नाहीत, तर शेवटची कप्पी तिरकी होऊन ताणाच्या दुरुस्तीतून मार्गाचा दोष उद्‌भवतो.

सरकलेला पट्टा सांगाड्यावर घासत राहिल्यास घर्षणाने आग लागू शकते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ॲराकोमा अल्मा या कोळसा खाणीत १९ जानेवारी २००६ रोजी अशाच आगीत दोन कामगार मृत्युमुखी पडले. त्यामुळे खाणींत पट्ट्याच्या कडेला तो सरकताच यंत्र बंद पाडणारे स्विच बसवितात. रूळ साफ करण्यापूर्वीही वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप लावणे आवश्यक असते, कारण पट्टा व कप्पी यांमधील चिमट्यात सापडलेला हात ओढून काढता येत नाही.