'हार्ट ऑफ डार्कनेस' वाचताना

जोसेफ कॉनरॅड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही लहानशी कादंबरी १८९९ मध्ये मासिकातून व १९०२ मध्ये पुस्तकात आली. इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्यांना ती बहुधा भेटतेच. आम्ही ती गाईडवरून वाचली व पास झालो!

कांगो तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होता (१८८५ ते १९०८). हस्तिदंत व रबर यांच्यापायी तेथे माणसे मारली गेली. कॉनरॅड स्वतः १८९० मध्ये तेथे बोटीवर नोकरीस होते. गोऱ्यांची हाव त्यांनी लपविली नाही. मग वाद कशाचा?

१९७५ साली नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेतील एका व्याख्यानात कॉनरॅडना सरळ वंशवादी म्हटले. त्यांचा पुरावा पुस्तकातलाच आहे. आफ्रिकी माणसांच्या तोंडी इंग्रजी येते ते दोनदाच, तेही मोडके; एकदा पकडलेली माणसे खायला मागताना, दुसऱ्यांदा गोऱ्या साहेबाच्या मृत्यूची बातमी देताना. बाकी नुसता गलका. ही दृष्टी निवेदक मार्लोची, लेखकाची नव्हे, असा बचाव केला जातो. तो आम्हांस अर्धाच पटतो. गप्प बसविणारा लेखकच ना?

तरी पुस्तक टाकू नये. विद्यार्थी मित्रांनी ते पेन्सिल घेऊन वाचावे, कोण बोलतो तेथे खूण करावी. लगेच अचेबे यांची १९५८ ची 'थिंग्ज फॉल अपार्ट' घ्यावी. (ती कांगोची नव्हे, नायजेरियातील इग्बो लोकांची.) तिच्यात गाव भरभरून बोलते. शेवटी गोरा जिल्हाधिकारी येतो आणि नायकाच्या साऱ्या आयुष्याला आपल्या नियोजित ग्रंथात एक परिच्छेद पुरे, असे ठरवितो.